भांडायचं तर चौकात

आमच्या घरमालकांना वरच्या मजल्यावर भांडलेलं चालत नसे. भांडण चालत असे, मजला चालत नसे. आमच्या दोघांचा आवाज जरा चढला की खालून छताला काठीचे ठोके बसायचे आणि मागोमाग खणखणीत हाक यायची, "चौकात! भांडाचं असंन तर चौकात चला!"

लोकांचे घरमालक म्हणतात, हळू बोला, शेजारी ऐकतील. आमचे म्हणायचे, मोठ्यानं बोला, शेजाऱ्यांनी काय पाप केलंय?

पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्हाला नागपूरहून रायपूरला येऊन फार दिवस झाले नव्हते. हे रेल्वेत गार्ड. पुरानी बस्तीत ह्या घरमालकांच्या, म्हणजे सरांच्या, घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी पस्तिशीची, बी.ए. इंग्लिश, डोळ्यांवर गॉगल. तो गॉगल लावून मी भाजी घ्यायलासुद्धा जायची आणि सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, आपल्याकडे बघतोय असं समजायची. बघत होताच. पुढे कळलं, गॉगलच्या काचेवरचं लेबल मी काढलंच नव्हतं. एकूण मी रायपुरात पोचले होते, अक्कल मागून पॅसेंजरने येत होती.

तर त्या दिवशी ह्यांनी रात्रपाळीहून येताना न सांगता ड्यूटीवरची चार माणसं सकाळीच जेवायला आणली. ती जेवून गेली आणि मी तोंड सोडलं. खालून ठक ठक ठक. मला वाटलं, सर गंमत करताहेत. तेवढ्यात ते जिना चढून दारात उभे. बुटका माणूस, घोट्याच्या वर राहिलेली पँट, आवाज मात्र दोन माणसांचा. म्हणाले, "घरातलं भांडन जो जास्त बोंबलते तो जिंकते. चौकातलं भांडन ज्याचं बरोबर असते तो जिंकते. चला."

आणि खरंच घेऊन गेले. घरासमोरच तो चौक. चार गल्ल्या येऊन मिळायच्या, मध्ये एक दगडी चबुतरा, आणि सकाळी सगळीकडे भाजीवाल्या बाया जमिनीवर आपला पसरा लावून बसलेल्या. लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा. सरांनी मला चबुतऱ्यावर चढवलं. लाजेनं माझं पाणी पाणी झालं. नागपूरला आमच्या आळीत कुणाला कळलं असतं तर!

"नियम सांगतो," सर म्हणाले. "चबुतऱ्यावर जो उभा, त्याचं पुरं होईपर्यंत कोनी मधात बोलाचं नाही. त्याले प्रश्न विचारला तर उत्तर द्याच लागते. आन् फैसला तो करीन जो दोघांचा कोनी लागत नाही."

मी बोलले, मग हे बोलले. फैसला द्यायला एक म्हातारी भाजीवाली उठली, तिला सगळे दाई, म्हणजे आई, म्हणायचे. तिनं विचारलं, "चार झन ला लाने रहिस? त भाजी कोन काटिस?" चार जणांना आणलंस, पण भाजी कुणी चिरली? मी छाती पुढे काढून म्हटलं, मी. दाईनं ह्यांच्याकडे बघितलं. "अब ले जेन ला लाबे, तेखर हाथ म पहिली हँसिया देबे." यापुढे ज्याला आणशील त्याच्या हातात आधी विळा दे.

सगळा चौक हसला. मी जिंकले होते! घरी इतकी वर्षं भांडले, कधी जिंकले नव्हते. कारण घरी निकाल लागतच नाही, नुसती तारीख पडते. त्यानंतर सरांनी ठोके द्यायच्या आधीच मी पदर खोचून जिन्यात उभी असायची आणि हे म्हणायचे, "अव्वो, एवढ्याशा गोष्टीसाठी काहून खाली जातेस?"

सर एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. लग्न केलं नाही. मूळचे अमरावतीकडचे. रद्दीवाल्याकडे कधीतरी त्यांना ग्रीक व्याकरणाचं एक फाटकं पुस्तक मिळालं आणि त्यातल्या एका शब्दाने त्यांना धरलं ते सोडलंच नाही. अगोरा. जुन्या ग्रीक गावातला चौक. सगळ्या ग्रीक भाषेतून ह्या गृहस्थांनी एकच शब्द उचलला आणि आयुष्यभर पुरवला. पाऱ्यातली पोट्टी त्यांना 'अगोरा सर' म्हणायची, आणि ते रागवायच्या ऐवजी थांबून उच्चार दुरुस्त करायचे. एकदा ह्यांनी विचारलं, "सर, ग्रीसले नाही गेले कधी?"

"काहून जाऊ? खाली तं आहे."

रोज सकाळी ते चौकात उतरत आणि एक लिंबू घेऊन वर येत. एक लिंबू! त्याला त्यांना अर्धी सकाळ लागे. आधी सगळ्या पसऱ्यांवरून एक चक्कर. मग कुणाच्या नातवाचा ताप, कुणाच्या जावयाची दारू, कुठल्या गल्लीत नळ आला नाही, हे सगळं ऐकून घ्यायचं, त्यावर आपलं मत द्यायचं, मग लिंबू. मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं, "सर, मी आणून देत जाईन तुमचं लिंबू."

त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं बघितलं की काय सांगू. "पोरी, 'अगोराझो' म्हंजे काय? आधी त्याचा अर्थ होता, चौकात हिंडनं. मंग झाला विकत घेनं. क्रियापद एकच! हिंडल्याबिगर घेतलं तं ते घेनं नोहे, उचलनं आहे."

घरात घड्याळ नव्हतं. मनगटावरही नाही. ग्रीक लोक म्हणे सकाळच्या एका वेळेला 'भरलेला बाजार' म्हणत आणि दुपार कलताना 'बाजार उठला' म्हणत. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी बाकीची सगळी वेळ रद्द करून टाकली. "पसरे लागताना ये." "लाल भाजी संपली का जेवतो मी." "बाजार उठल्यावर झोपतो." आम्हाला सवय झाली होती. पण एकदा मराठी मंडळींनी गणपतीत त्यांचं व्याख्यान ठेवलं. सर म्हणाले, सांजेची भाजी उतरली का येतो. त्या दिवशी गावाकडे कसलासा सण, भाजी आलीच नाही. सगळे आरती करून, प्रसाद खाऊन, खुर्च्या उचलून गेले आणि सर इकडे चौकात भाजीची वाट बघत बसलेले.

आणखी एक. ह्यांची रेल्वेतली डोळ्यांची तपासणी व्हायची. रेल्वेत गार्डाला डोळ्यांवरून, कानांवरून कॅटेगरी मिळते. ती राहिली तर गाडी, गेली तर टेबल. हे धास्तावलेले. सरांना सांगितलं, कॅटेगरीचं काय होते कोन जाने. झालं! सर जागेवरून उठले. "कॅटेगरी! अरे, तो अगोरातलाच शब्द आहे. 'काता' म्हंजे विरुद्ध, आन् 'अगोरा'. भर चौकात उभं राहून एखाद्यावर आरोप करनं! मंग त्याचा अर्थ झाला, एखाद्याबद्दल काही ठामपनं सांगनं. मंग वर्ग. म्हंजे रेल्वे तुमच्यावर भर चौकात आरोप करून राहिली!"

हे म्हणाले, "सर, आरोप नका करू म्हना, फक्त चष्मा द्या म्हना."

नातू मध्यंतरी मला नवा रायपूर दाखवायला घेऊन गेला. रस्ते असे रुंद की पलीकडच्या फुटपाथवर कुणी असलं तर ओळखू येऊ नये. नातू म्हणाला, "दादी, कितना शांत है ना?" मी म्हटलं, शांत असणारच रे बाबा, भांडायला समोर कुणी नको का? तो हसला. मला सर आठवले आणि मी गाडीत एकटीच बराच वेळ हसत होते. मग तोच विचारायला लागला, "क्या हुआ, बताओ ना." त्याला जे सांगितलं तेच आता सांगते.

राज्य नवीन झालं आणि आमचं रायपूर झोपेतून उठलं ते राजधानी होऊनच. काय ते दिवस! ज्याला त्याला वाटायचं आपण बोटभर उंच झालो. पानवाला विड्याला 'कॅपिटल मसाला' म्हणायला लागला. गल्लीतल्या केशकर्तनालयात भोपाळहून आलेले साहेब बसू लागले, त्यामुळे न्हावी मान वळव म्हणायच्या ऐवजी "कृपया" म्हणायला लागला. लाल दिव्याची गाडी गल्लीत शिरली की पोरं मागे धावायची, आणि खोटं कशाला बोलू, मीही गॅलरीत धावायची. गॉगल लावून.

पण गाड्या आल्या म्हणजे त्यांना उभं राहायला जागा हवी. सदर बाजारात दागिने घ्यायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबायला लागला आणि कुठल्याशा कार्यालयात कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं. आमच्या चौकावर. चबुतरा काढायचा, फरशी घालायची, साखळी लावायची, पार्किंग. दाई आणि बाकीच्या बायांनी कुठे जायचं, त्याबद्दल नकाशा गप्प होता.

सर जेवेनात. लाल भाजी संपली तरी जेवेनात. शेवटी एक दिवस इस्त्रीचा सदरा घालून त्या कार्यालयात जाऊन आले आणि जिन्यातूनच ओरडले, "येते! साहेब सोता पाहाले येते! चौक कसा भरते ते आपल्या डोळ्यानं पाहीन आन् मंगच ठरवीन म्हनाला!"

आम्हाला कोण आनंद! हे म्हणाले, "वा सर! किती वाजता येते?"

"म्या सांगतलं, बाजार भर जाए तब आइए."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हे सावकाश म्हणाले, "सर, घड्याळात किती सांगतलं?"

"घड्याळात बाजार भरते का?"

भोपाळहून आलेल्या साहेबाने बाजार म्हणजे सदर बाजार पाहिलेला. तिथे सराफ दुपारपर्यंत गाद्या झटकत असतात. आणि आमच्या चौकातल्या बाया ऊन तापायच्या आत पाटी उचलून घरी.

ठरल्या दिवशी सकाळी सर चबुतऱ्यावर इस्त्रीच्या सदऱ्यात उभे. चौक असा भरलेला की पाय ठेवायला जागा नाही. दाईनं खास पातळ नेसलेलं. साहेब नाही. पसरे पातळ झाले, साहेब नाही. बायांनी वाट बघितली, मग भाजी सुकायला लागली, पोरं घरी रडत असतील, त्या एकेक करून उठल्या. सर हलले नाहीत.

साहेब आला तो टळटळीत दुपारी. रायपूरची उन्हाळ्यातली दुपार! दारं बंद, कूलर घुरघुरताहेत, माणूस म्हणून दिसेल तर शपथ. मी गॅलरीत बिजौरीचे सांडगे वाळत घालत होते. खाली चौकात भाजीचे देठ, ते खाणारी एक बकरी आणि सर. साहेबाबरोबर टेप घेतलेली दोन माणसं.

साहेब वाईट नव्हता. इकडे तिकडे बघून नरमाईनं म्हणाला, "सरजी, आप तो कह रहे थे पैर रखने की जगह नहीं होती। यहाँ तो एक बकरी है।"

"आप समय से नहीं आए।"

"आपने समय बताया कब?"

सरांनी सदरा खाली ओढला. ते चबुतऱ्याच्या मधोमध सरकले. भाषण तयार केलेलं होतं, रात्रंदिवस पाठ करताना आम्ही नुसता आवाज ऐकला होता, शब्द नाही. दोन माणसांच्या त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "साहब, अगोरा शब्द का मूल है 'अगेइरो'। माने, मैं इकट्ठा करता हूँ। पहले अगोरा किसी जगह का नाम नहीं था। पहले अगोरा माने लोग। इकट्ठा हुए लोग। लोग हैं तो अगोरा है, और लोग नहीं..."

आणि थांबले. आपलंच वाक्य ऐकून थांबले. समोर बघितलं, मागे बघितलं. बकरी देठ खात होती. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला अर्धं वाक्य सोडताना पाहिलं नव्हतं. साहेबानं टेपवाल्यांना मानेनं खूण केली. एकानं चबुतऱ्याच्या कोपऱ्याशी टेपचं टोक धरलं आणि दुसरा मागे मागे जायला लागला.

माझ्या अंगात काय शिरलं ते अजून मला माहीत नाही. मी गॅलरीच्या कठड्यावर वाकले आणि जीव खाऊन ओरडले. हिंदीत, म्हणजे कुणाला समजलं नाही असं व्हायला नको. "बना दो! बना दो पार्किंग! इस गाँव में और है ही क्या! राजधानी कहते हैं इसे! हमारे नागपुर में ऐसी राजधानियाँ मोहल्ले-मोहल्ले में पड़ी हैं!"

समोरचा कूलर बंद झाला. मग शेजारचा.

मी जिन्याने खाली आले, बोलत बोलतच. चबुतऱ्यावर चढले. सरांना बाजूला केलं. रस्ते, पाणी, डास, इथली संत्री! संत्र्यांबद्दल तर मी असं बोलले की फळवाला चप्पल न घालता आला. पानवाला आला, शिंपी गळ्यात टेप घेऊन आला, न्हावी आला आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. मागच्या गल्लीतून दाई आली, अर्ध्या केसांना तेल लावलेलं. "का होगे बहिनी? नागपुर वाली भड़क गे का?" नव्या राजधानीच्या तोंडावर कुणी असं बोलावं! एकेकजण आरोळी ठोकून मला सांगायला लागला, इथे काय आहे. शिंपी म्हणाला, माझ्या बहिणीचं लग्न ह्या चबुतऱ्यावर बसून ठरलं. पानवाला म्हणाला, राज्य झाल्याची बातमी इथे ऐकली आणि इथेच नाचलो, दीदी, तुम्हीपण नाचलात! दाई म्हणाली, "मोर सास इहें बइठत रहिस। मँय इहें बइठथँव। तँय पूछथस का हे?" माझी सासू इथेच बसायची, मी इथेच बसते, आणि तू विचारतेस काय आहे?

तेवढ्यात गर्दीतून हे आले. रात्रपाळी करून झोपलेले, बनियन, लुंगी, केस उभे. सवयीनं थेट चबुतऱ्यावर चढले. त्यांना वाटलं, नेहमीचंच चाललंय.

"मले एक सांग," हे म्हणाले. "इथं काहीच नाही ना? मंग रोज सकाळी दोन जुड्या भाजी घ्याले खाली येतेस आन् माह्या डब्याची वेळ होईपर्यंत वर काहून येत नाहीस?"

चबुतऱ्यावर प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागतं.  मी पदर खोचला.

"आवडतं म्हणून!" मी ओरडले. मग हिंदीत, कारण साहेब बघत होता. "अच्छा लगता है बैठना! बस?"

"त कहाँ बइठबे?" दाई म्हणाली. "गाड़ी के ऊपर?"

असा हशा उठला की बकरी पळाली. टेपवाल्याच्या हातातलं टेप सर्रकन आत गेलं.

 आता सर पुढे झाले. "साहब, यहाँ का एक नियम है। फैसला वो करता है जो दोनों का कोई नहीं लगता। हम सब तो इनके कुछ न कुछ लगते हैं। आज ऐसे आप ही हैं। ये कहती हैं यहाँ कुछ नहीं है। इनके मिस्टर कहते हैं, है। आप बोलिए।"

सगळ्यांनी साहेबाला वाट करून दिली. तो बिचारा चबुतऱ्यावर चढला, घाम पुसला, खाली जमलेल्या माणसांकडे बघितलं.  मग माझ्याकडे वळून हात जोडले. "दीदी, आप हार गईं।"

टाळ्या, शिट्ट्या! शिंप्यानं ह्यांना उचललं, लुंगी सांभाळताना ह्यांची तारांबळ. दाईनं मात्र साहेबाची बाही धरून ठेवली होती. "अउ पार्किंग?"

"अम्मा, फैसला तो दे दिया ना," साहेब म्हणाला आणि टेपवाल्यांना निघायची खूण केली. पुढे गाड्यांसाठी एका बंद पडलेल्या गोदामाची जागा पाहिली गेली. आमच्या चौकाकडे पुन्हा कुणी टेप घेऊन आलं नाही.

लोक अजून म्हणतात, काय हुशार बाई, मुद्दाम भांडण काढून माणसं जमवली. मीही आता तसंच सांगते. पण तेव्हा संत्र्यांबद्दल मी जे बोलले ते अगदी मनापासून होतं, एवढं तुमच्यात आणि माझ्यात राहू द्या. चौकातल्या त्या एकाच भांडणात हरले आणि हरल्यावर जिलेबी वाटली.

रुसले फक्त सर. संध्याकाळभर खाली आले नाहीत. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "सगळ्यायनं भाषणं केली. माह्यं तं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून चबुतऱ्यावर चढले आणि भरल्या बाजारात पहिल्यापासून सुरू झाले. पहले अगोरा माने लोग. मग त्या लोकांची जागा. मग त्या जागेतला बाजार. मी खाली दाईच्या पसऱ्याशी बसून ऐकत होते, म्हणजे ऐकायचा प्रयत्न करत होते. मुनगा कैसे दिए, अरे ताजी है, कालचे पैसे राहिले, ओ भैया सायकल हटाओ. कुणी मान वर करून बघत नव्हतं. सर आवाज चढवत होते, बाजार त्याहून चढत होता, आणि त्यांचा चेहरा असा फुललेला की लग्नातसुद्धा कुणाचा मी तसा पाहिला नाही.

दाईनं पाटीतली भाजी पाणी मारून ओढली, ठेवायला जागा नव्हती. तिनं वर बघितलं. "सरजी, थोरकन बाजू म हो जाव। गिराहिक आवत हे।"

सर वाक्य न तोडता दोन पावलं बाजूला सरकले, दाईनं त्यांच्या पायांशी चबुतऱ्यावर लाल भाजी मांडली, आणि भाषण पुढे चालू राहिलं.